चिठ्ठी कोणी लिहिली?

आपल्या पत्रिकेच्या दिवाळी अंकात काय काय असतं हे आता सगळ्यांना पाठ आहे. भारतवारीचं वर्णन, मातीच्या किल्ल्याची गोष्ट आणि ‘माझी आजी’ हा निबंध. यंदा मात्र मोठ्या गटातल्या अकरा मुलांनी एक रहस्यपट केला. नऊ मिनिटांचा, फोनवर चित्रित केलेला, चार शनिवारांत उरकलेला. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात तो दाखवल्यापासून ‘हे सगळं जमवलंत कसं?’ असं विचारणारे इतके पालक भेटले, की एकेकाला सांगत बसण्यापेक्षा लिहून काढावं असं ठरवलं. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना आधीच सांगून ठेवते: या लेखात चोर कोण ते सांगितलेलं आहे.

पहिल्या शनिवारी मी फळ्यावर ‘गुन्हा’ एवढाच शब्द लिहिला आणि सूचना मागितल्या. पाच जणांना खून हवा होता. दोघांना अपहरण. एकाला मरिना बेवरची बँक लुटायची होती, आणि सर्वांत धाकटीला भूत हवं होतं, मग गुन्हा नसला तरी चालेल. मुलांच्या डोक्यात गुन्हा कुठून येतो हेही त्या दिवशी कळलं. काहींच्या घरी ‘सीआयडी’चे जुने भाग बघतात. १९९८ साली सुरू झालेल्या त्या मालिकेत आपले शिवाजी साटम एसीपी प्रद्युम्न झाले होते. त्यातलं दार फोडणं मुलांना फार प्रिय. पण इथल्या एचडीबी घरांना दाराबाहेर लोखंडी जाळीचं आणखी एक दार असतं, त्यामुळे तो प्रसंग नाइलाजाने बाद झाला. काहींनी इथल्या पोलिसांच्या सहकार्याने १९८६ साली सुरू झालेला ‘क्राइमवॉच’ हा कार्यक्रम पाहिला होता. दोन्हींत फरक काय, असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, “ताई, सीआयडीत चोर शेवटी रडतो. क्राइमवॉचमध्ये शेवटी आपल्यालाच सांगतात, की दार नीट लावा.” याहून चांगलं परीक्षण मी वर्तमानपत्रातसुद्धा वाचलेलं नाही.

मग आल्या परवानग्या. मुलांना पाठलाग हवा होता, तोही व्हॉइड डेकवर. इमारतीखालची ती मोकळी जागा म्हणजे आपल्या मुलांचं अंगणच. पण तिथे चित्रीकरण करायचं तर टाऊन कौन्सिलची परवानगी लागते. शिवाय सार्वजनिक जागी कोणाच्या हातात पिस्तूल दिसणार असेल, कोणी पोलिसांचा गणवेश घालणार असेल, तर पोलिसांना आधी कळवावं लागतं. खेळण्यातलं पिस्तूल लांबून बघणाऱ्याला खेळण्यातलं वाटत नाही. “किती हे नियम!” म्हणून सगळे हिरमुसले.

तेव्हा मी त्यांना फाळक्यांची गोष्ट सांगितली. मी नाशिकची, आणि दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे ती सांगायला मला निमित्त लागत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चित्रीकरणासाठी त्यांची मंडळी वांगणी गावी गेली होती. तलवारी-भाले घेतलेली ही माणसं पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोरच आले! पाटलाकडे वर्दी गेली, फौजदाराने सगळ्यांना धरलं, आणि फाळक्यांनी कॅमेरा दाखवून समजूत घालीपर्यंत कोणाची सुटका झाली नाही, असं सांगतात. तो चित्रपट पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. नटांना आत टाकलं होतं हे ऐकून मुलं भलतीच खूश झाली, आणि पिस्तूल एकमताने रद्द झालं. त्याच्यामागून पाठलाग गेला, खूनही गेला. उरली चोरी.

चोरीला काय जावं? लॅपटॉप, फोन, पासपोर्ट अशी नावं येऊन गेली. एकीने सुचवलं, नथ. तिच्या घरची नथ वर्षातून एकदा, गौरी-गणपतीलाच बाहेर निघते, आणि त्या आठवड्यात घरातलं प्रत्येक माणूस निदान दोनदा “नथ कुठे ठेवलीस?” असं विचारतं. हे सगळ्यांना पटलं. गौरी यायच्या आदल्या दिवशी घरातली पणजीची नथ कपाटातून नाहीशी होते आणि शेजारच्या ब्लॉकमधला एक शाळकरी मुलगा तपास करतो, असं ठरलं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला तपास करायला कोणी परवानगी दिली नव्हती, तेव्हा आमच्या मुलालाही कोणी देणार नाही.

“मग चोर कोण?” या प्रश्नाला मात्र क्षणही लागला नाही.

“हेल्पर!” चार-पाच आवाज एकदम आले. का, तर ती दिवसभर घरात असते, तिला कपाट माहीत असतं, आणि पिक्चरमध्ये तसंच असतं.

मी काही बोलायच्या आत एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडची आंटी पिक्चर बघायला येणार आहे. मी तिच्या शेजारी कशी बसू?”

वर्ग गप्प झाला. आपल्यापैकी पुष्कळ घरांत इंडोनेशियाहून, फिलिपिन्सहून किंवा म्यानमारहून आलेली एक बाई आपल्या मुलांना भरवते, शाळेच्या बसपर्यंत सोडते, आणि स्वतःच्या मुलांना रात्री फोनवर बघते. या मुलीच्या घरच्या आंटीलाही तिच्याच वयाची मुलगी आहे. वर्गातली मुलं काही वाईट नव्हती. पाहिलेल्या शंभर गोष्टींतून त्यांनी एक तयार चोर उचलला होता, इतकंच. मी फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला ‘संशय’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘पुरावा’. हेल्परच्या नावापुढे संशयाच्या खाली तीन ओळी झाल्या. पुराव्याची बाजू कोरीच राहिली.

“मग तिला काढून टाकू या का?” कोणीतरी विचारलं.

“नको,” तीच मुलगी म्हणाली. “तिच्यावर सगळ्यांना संशय घेऊ दे. आणि मग तिने काही केलं नाही, हे सगळ्यांना कळू दे.”

आता खरा पुरावा हवा होता. तो आम्हांला वर्गाच्या दारातच मिळाला. एका मुलाच्या आजी कोल्हापूरहून काही दिवसांसाठी इथे आल्या होत्या. दुसऱ्या शनिवारी त्या नातवाला न्यायला आल्या आणि मला म्हणाल्या, “मघाशी एकदा येऊन गेलो मी. तुमचं चालू होतं, म्हणून खाली जाऊन बसलो.” दोन मुली फिसकन हसल्या. नातू कानांपर्यंत लाल झाला आणि कुजबुजला, “आजी, गेलो नाही, गेले.” आजी मुळीच ओशाळल्या नाहीत. “आमच्याकडं बायका असंच बोलत्यात,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पुस्तकाला सांग जा.”

आजींचं खरंच आहे. कोल्हापूरकडे बायका आणि मुली ‘मी आलो, मी जातो’ असंच सर्रास बोलतात, आणि तिथे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पुस्तकातल्या मराठीत बाई ‘आले, जाते’ म्हणते. हा लेख बाईने लिहिला आहे हे तुम्ही नाव न बघताही पहिल्या परिच्छेदातल्या ‘सांगून ठेवते’वरून ओळखलं असेल. मी कोल्हापूरची असते, तर कदाचित फसला असता!

आजी गेल्यावर आम्ही त्या एका वाक्यावर तासभर बोललो. या शहरात मुलांच्या कानांवर कितीतरी भाषा पडतात. पण ‘मी येऊन गेलो’ हेच इंग्रजीत, मलायमध्ये, मँडरिनमध्ये किंवा तमिळमध्ये सांगितलं, तर सांगणारा पुरुष की बाई हे त्या वाक्यावरून कळत नाही. हिंदीत कळतं आणि मराठीतही कळतं. मराठीत तर आणखी एक गंमत आहे. ‘मी नथ नेली’ असं लिहिलं तर लिहिणाऱ्याचा पत्ता लागत नाही. तिथे क्रियापद नथीच्या मागून चालतं. नेणारे आजोबा असोत की आजी, ‘नेली’च. पण ‘मी नथ घेऊन गेलो’ असं लिहिलं, की लिहिणारा सापडला. हा नियम व्याकरणाच्या तासाला जांभया देत ऐकलेली मुलं आता खुर्च्या ओढून फळ्याजवळ आली होती, कारण त्यांना चोर पकडायचा होता.

चिठ्ठी ठरली ती अशी: ‘मी नथ घेऊन गेलो. काळजी करू नका.’ खाली सही नाही. कपाटातल्या रिकाम्या डबीच्या तळाशी ती घडी करून ठेवलेली असते, पण घाबरलेल्या घराच्या ती दृष्टीसच पडत नाही. ते आधी हेल्परला बोलावतात, प्रश्न विचारतात, आणि तिची बॅग उघडून बघतात. मग आमचा गुप्तहेर येतो आणि डबी नीट तपासतो.

यापुढचं तर्कशास्त्र सगळं मुलांचं. चिठ्ठी मराठीत आहे आणि हेल्परला मराठी येत नाही, म्हणून ती सुटली. यावर एकाने लगेच हरकत घेतली: “ती फोनवर भाषांतर करून बघून लिहील.” दुसऱ्याने उत्तर शोधलं. फोनवर जो ‘ल’ दिसतो तो बहुधा हिंदी वळणाचा असतो. चिठ्ठीतला ‘ल’ जर मराठी शाळेत गिरवलेला असेल, तर तो बघून लिहिलेला नाही. (ही चिठ्ठी आम्ही आजींकडूनच लिहून घेतली. त्यांचा ‘ल’ बघण्यासारखा आहे.) मग ‘गेलो’वरून संशय पुरुषांवर जातो. घरातले काका झाले, दादा झाला, बाबा झाले; पण त्या वेळी तिघेही घराबाहेर असल्याचं सिद्ध होतं. शेवटी गुप्तहेर लिफ्टपाशी उभा असताना पाहुण्या आलेल्या आजींचं फोनवरचं बोलणं त्याच्या कानांवर पडतं: “आत्ताच आलो बघ मी.” आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. नथीतला एक मोती हलत होता. गौरीच्या आधी तो बसवून घ्यावा म्हणून आजी नथ घेऊन सेरंगून रोडवरच्या सोनाराकडे गेल्या होत्या.

हे ऐकून बँक लुटू पाहणारा मुलगा नाराज झाला. “मग यात गुन्हा कुठे आहे?”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग भूतवाली धाकटी म्हणाली, “त्यांनी बॅग उघडली ना.”

चित्रीकरणाच्या आधी एक अडचण निघाली. गुप्तहेर होणारा मुलगा म्हणाला, “माझं मराठी ऐकून लोक हसतील.” घरी तो इंग्रजीच बोलतो, आणि त्याचा ‘ळ’ अजून नीट बसलेला नाही. मी त्याला बालेस्टियरजवळच्या जालान आम्पासची गोष्ट सांगितली. तिथे शॉ बंधूंचा स्टुडिओ होता, १९६७ साली बंद पडला. त्यात मलाय चित्रपट निघत, आणि सुरुवातीच्या काळात ते काढायला दिग्दर्शक आपल्याकडून येत. बी. एस. राजहंसांनी पी. रामलींना ‘चिंता’ या १९४८ सालच्या चित्रपटात पहिल्यांदा पडद्यावर आणलं. फणी मजुमदारांनी १९५६ साली ‘हांग तुआह’ केला. मलाय ही काही या माणसांची घरची भाषा नव्हती, तरी त्यांचे चित्रपट इथली माणसं आजही आठवतात. मुलाने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण त्यांना स्वतःला बोलायला लागलं नाही ना?” प्रश्न बिनतोड होता. मग आम्ही त्याचे संवाद लहान केले, आणि गुप्तहेर कमी बोलणारा आहे असं ठरवून टाकलं. त्यामुळे तो फारच हुशार दिसतो.

चित्रीकरण एका पालकांच्या घरी आणि त्यांच्या दाराबाहेर, परवानग्या काढून झालं. बोलणं स्पष्ट यावं म्हणून दुसरा एक फोन बोलणाऱ्याच्या जवळ, कधी फुलदाणीमागे तर कधी उशीखाली लपवला होता. तरी तिसऱ्या शनिवारी खालच्या झाडावरच्या कोकिळाने दर वेळी नेमक्या उलटतपासणीलाच गळा काढला. दुपारी वीज कडकडून पाऊस आला आणि अर्धा तास गेला. शिवाय त्या आठवड्यात गुप्तहेराच्या शाळेत केस तपासले गेले. त्यामुळे चित्रपटात तो दारातून आत येतो तेव्हा त्याचे केस कपाळावर आहेत, आणि आत आल्यावर नाहीत. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही, आता येईल.

हेल्परचं काम एका मुलाच्या आईने केलं. एरवी त्या एका कंपनीत मोठ्या पदावर आहेत. त्यांना हातात फरशी पुसायचा मॉप घेऊन उभं राहायचं होतं, आणि घरातली माणसं झालेली पाच मुलं त्यांच्याकडे रोखून बघणार होती. संवाद फारसा नव्हता. दृश्य संपल्यावर त्या पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, “सगळे तसे बघायला लागल्यावर मला खरंच काहीतरी केल्यासारखं वाटायला लागलं हो.” मुलं हे ऐकत होती.

शेवट काय करायचा यावर सर्वांत जास्त भांडणं झाली. आजी नथ घालून हसतात, असा शेवट तयार होता. पण बॅगेचं काय? “सॉरी म्हणतात,” असं ठरलं, ते करूनही पाहिलं. दारात उभं राहून म्हटलेलं ‘सॉरी’ कोणालाच आवडलं नाही; बस चुकवल्यावर म्हणतात तसं वाटत होतं. मराठीत ‘माफ करा’ म्हणावं, तर तिला ते कळणार नाही. तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं. शेवटी दिग्दर्शन करणाऱ्या मुलीने संवादच काढून टाकला. घरातली बाई हेल्परच्या खोलीत जाते, खाली बसते, आणि विस्कटलेल्या बॅगेतला एकेक कपडा घडी करून परत ठेवायला लागते. हेल्पर दारात उभी राहून बघते. तिथे चित्रपट संपतो.

जोडणी करताना मुलं एक गोष्ट शिकली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चिठ्ठी पडद्यावर पहिल्यांदा तीन सेकंद दिसत होती. मोठ्या गटाला ती पाठच होती, त्यामुळे पुरेशी वाटली. मग आम्ही तो भाग छोट्या गटाला दाखवला. ती बिचारी ‘मी नथ घे’पर्यंत पोचली, तेवढ्यात चिठ्ठी गेली! रहस्यकथा लिहिणाऱ्याने वाचकापासून पुरावा लपवायचा नसतो. समोर ठेवायचा आणि तरी चकवायचं. म्हणून आता चिठ्ठी आठ सेकंद दिसते. छोट्या गटातल्या एकाने ती मोठ्याने वाचून “हा तर बाबा आहे!” असं ओरडून सांगितलं, तेव्हा मोठ्या गटाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला हवा होता.

दर वर्षी एखादं मूल मला विचारतं, “ताई, मराठीचा उपयोग काय?” प्रश्न रास्त आहे. इथल्या शाळेत आपली मुलं मातृभाषा म्हणून तमिळ, किंवा हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एखादी भाषा घेऊ शकतात. मराठी त्या यादीत नाही. शनिवारची सकाळ घालवून इथे शिकलेल्या भाषेचे कुठे गुण मिळत नाहीत. त्या चार शनिवारी मात्र हा प्रश्न कोणी विचारला नाही. एका निरपराध बाईवरचा आळ उतरवायला ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांतला फरक लागत होता, आणि तो त्यांना येत होता. आजीला दुरुस्त करणारा तो नातू आता तिचं बोलणं वहीत उतरवून घेतो. गेल्या आठवड्यात त्याने मला विचारलं, की नागपूरकडच्या आज्या कशा बोलतात?

त्या मुलीची आंटी कार्यक्रमाला आली होती. दोघी शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर इंग्रजी भाषांतराच्या ओळी होत्या, त्या ती मन लावून वाचत होती. संपल्यावर सगळ्यांबरोबर तिने टाळ्या वाजवल्या आणि मुलीला एकच प्रश्न विचारला, तो मुलीने लगेच येऊन मला सांगितला: “त्या बाईला त्या रविवारी सुट्टी मिळाली का?” आमच्यापैकी कोणी एवढा विचार केलेला नव्हता. पुढच्या वर्षीच्या चित्रपटाला विषय मिळाला आहे.

आता गृहपाठ. मुलांनो, एका वाक्याची चिठ्ठी लिहा. खाली नाव घालू नका. पण वाचणाऱ्याला लिहिणारा मुलगा की मुलगी, मोठा की लहान, कोणत्या गावचा, यांतलं काहीतरी ओळखता आलं पाहिजे. ते जमलं, की त्याच अर्थाचं दुसरं वाक्य असं लिहा, की काहीच ओळखता येऊ नये. अडलं तर आजी-आजोबांना फोन करा. चिठ्ठ्या पुढच्या शनिवारी आणायच्या, हाताने लिहून. फोनवरचा ‘ल’ चालणार नाही.

पालकांनो, पुढच्या चित्रपटासाठी आम्हांला फोन उभा करायचा एक स्टँड, सुट्टीच्या दिवशी दोन तास वापरता येईल असं एक स्वयंपाकघर, आणि कॅमेऱ्यासमोर खरंखुरं रडता येईल असे एक काका हवे आहेत. नावं माझ्याकडे द्यावीत.